मले नापास लिहा

"सोडा वहिनी, हवा आली," म्हणत ऋषिकेशने प्रेमिलाच्या बोटांवरून हात घालून रिमोटच्या दोन्ही काड्या धरल्या. ड्रोन खाली उतरवला आणि तिच्या गळ्यातला पट्टा काढून आपल्या गळ्यात अडकवला.

ड्रोन जेमतेम डोक्याएवढा वर गेला होता. हवा काही आली नव्हती. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून मैदानाच्या कडेला बांबूवर लावलेली कापडी नळी निपचित लोंबत होती.

"हवा कुठी आहे भाऊजी?" प्रेमिलाने विचारलं.

"वर असते. खाली नाही समजत."

तिने सौरव सरांकडे पाहिलं. उडवायला शिकवायचं काम त्यांचं. ते टोपी सारखी करत म्हणाले, "ताई, तुम्ही जरा सावलीत बसा. भाऊंचा हात बसला की मग तुमचाच नंबर."

नंबर कालही असाच येणार होता.

उमरेड रोडला वस्ती संपल्यावर एक ओसाड ले-आउट होतं. प्लॉट पाडलेले, पण घर एकही नाही. तिथे हे मैदान. संस्थेचं ऑफिस सक्करदऱ्यात होतं. वर्ग तिथे व्हायचे. पण विमानतळामुळे शहरात ड्रोन उडवायला बंदी, म्हणून उडवायच्या दिवशी सगळ्यांना गाडीत घालून इथे आणायचे. सगळ्या बाया बचत गटांच्या. कोणी उमरेडकडची, कोणी काटोलची, प्रेमिला रामटेकजवळच्या एका गावची. प्रत्येकीच्या गटाला फवारणीचा एक ड्रोन मिळणार होता, पण एका अटीवर: गटातल्या एका बाईने ड्रोन पायलटचं लायसन काढायचं. सोबत घरचा एक माणूस सहायक म्हणून चालत होता, बॅटऱ्या बदलायला, टाकी भरायला. त्यामुळे प्रत्येकीच्या मागे कोणाचा नवरा, कोणाचा पोरगा, कोणाचा दीर आला होता. वर्गात बाया खुर्च्यांवर बसायच्या आणि माणसं मागे भिंतीला टेकून उभी राहायची. मैदानावर मात्र माणसं पुढे जायची आणि बाया एकुलत्या एका कडुनिंबाखाली.

प्रेमिला कडुनिंबाखाली जाऊन बसली. एप्रिलचं ऊन होतं. स्कार्फची गाठ तिने इतकी ओढली की गळ्याला काचली.

तिला हे लायसन हौसेसाठी नको होतं. काही वर्षांमागे धानावर तुडतुडा आला होता, तेव्हा तिचा नवरा विश्वनाथ पाठीवर पंप बांधून दिवसभर फवारत होता. वारं फिरलं, औषध त्याच्याच तोंडावर येत राहिलं आणि दुपारी तो धानाच्या बांधीतच पडला. नागपूरच्या दवाखान्यात त्याचा जीव वाचला, पण उजवा हात तेव्हापासून थरथरतो. चहाचा कपही तो दोन्ही हातांनी धरतो. त्या दिवशी प्रेमिला आणि आणखी चार बाया दोन बांध्या सोडून गवत निंदत होत्या. तेच औषध वाऱ्याने त्यांच्यावरही आलं होतं. ओठांवर उतरलेली ती कडू चव तिला अजून आठवायची.

म्हणून गटात ड्रोनची गोष्ट निघाली तेव्हा सगळ्यात आधी हात तिने वर केला. दहावी झालेल्या दोघीच होत्या, आणि दुसरीला बाळ व्हायचं होतं. गटाच्या अध्यक्ष रुखमाबाई म्हणाल्या, "जा वं प्रेमिला, शीक नीट. तूच उडवजो."

नीट शिकायचं म्हणूनच ती सक्करदऱ्याला मावसबहिणीकडे राहिली. बहीण यमुताई बँकेतून निवृत्त झालेली. दुपारी पंखा लावून, चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून ती प्रेमिलाचा अभ्यास घ्यायची.

"लाल क्षेत्र?"

"सरकारच्या परवानगीशिवाय पंख नाही हलवायचा."

"पिवळं?"

"आधी विचारायचं, मंग उडवायचं."

"आणि हिरवं?"

"तिथं खुलं आहे. पण चारशे फुटांच्या वर नाही जायचं. अन् समोरून माणूस बसलेलं विमान येऊन राहिलं तर आपण हटायचं. ते नाही हटत."

"बरोबर. तुझ्या दिरासारखं आहे ते विमान," यमुताई म्हणाली आणि दोघी हसल्या.

लेखी परीक्षेत प्रेमिला वर्गात पहिली आली होती. ऋषिकेशने गावाकडच्या ग्रुपवर फोटो टाकला होता. फोटोत तो स्वतः ड्रोनजवळ उभा होता.

तिच्या हातून रिमोट घेतला त्याच दुपारी मैदानावर फवारणीचा सराव होता. टाकीत साधं पाणी. बाया कडुनिंबाखाली डबे उघडून बसल्या होत्या. ऋषिकेशने ड्रोन मैदानाच्या टोकापर्यंत नेला, वळवला, आणि तिकडून सरळ झाडाच्या दिशेने आणला. पंखांचा आवाज जवळ आला तशा बायांनी माना वर केल्या. त्याने फवारा सोडला. डब्यांवर, पदरांवर, भाकरींवर पाणी पडलं. उमरेडच्या भावनाने किंचाळून डबा छातीशी धरला. मागची माणसं हसायला लागली. भावनाचा नवरा तर पोट धरून हसला. मग बायाही हसल्या, तोंड पुसत, एकमेकींना ढकलत. सौरव सर म्हणाले, "काय नेम आहे, भाऊ!"

प्रेमिलाच्या ओठांवर पाणी आलं होतं. पाण्याला काही चव नव्हती. ती उठली आणि उन्हातून तरातरा ऋषिकेशकडे गेली.

"खाली उतरवा."

"काय झालं वहिनी? पाणीच आहे ना."

"उतरवा म्हणून राहिली ना मी!"

तिचा आवाज इतका चढला की हसणं थांबलं. ड्रोन उतरला. तिने पट्ट्याला हात घातला, पण ऋषिकेशने रिमोट सोडला नाही.

"तुमच्या दादानं काय भोगलं ते तुमी नाही पाहिलं? अन् बायायच्या अंगावर फवारा सोडून हसून राहिले?"

"मजाक केला. एवढी काय गोष्ट आहे त्याच्यात?"

"सर," ती वळली, "मले उडवू द्या. परीक्षा माझी आहे. अजून एक चौकोन नाही काढला मी हवेत. आठ तर दूरच राहिला."

प्रात्यक्षिक परीक्षेत ड्रोन हवेत स्थिर धरायचा, चौकोनात फिरवायचा, आठाच्या आकड्यात फिरवायचा आणि आखलेल्या गोलात उतरवायचा असतो. सौरव सर जवळ आले आणि समजावणीच्या सुरात हळूच म्हणाले, "ताई, टेन्शन नका घेऊ. इथून आजपर्यंत कोणी नापास झालं नाही. सर्टिफिकेट तुमच्याच नावाचं येणार. घरी कोण उडवतं ते बघायला कोणी येतं का?"

"म्हंजे आमी फक्त नावाले?"

"तसं नाही म्हटलं मी."

तसंच म्हटलं होतं. प्रेमिलाचे कान तापले. ती झाडाखाली परत आली आणि भावनाला म्हणाली, "चाल, सगळ्या मिळून सांगू. आजपासून रिमोट आमच्या हातात पाहिजे म्हणून."

भावना ओली भाकर बाजूला काढत होती. "मिळून राहिलं ते घे ना वं बाई चुपचाप. माहा नवरा आधीच म्हणते, कशाले पाहिजे तुले हे. भांडण केलं तर उद्या येऊ नाही देणार."

"तुले उडवायचं नाही?"

"माह्या मनाचं कोणं विचारलं?" भावना चिडून म्हणाली. "तू आली मोठी विचारणारी."

संध्याकाळी ऑफिसातून यमुताईकडे जाताना सक्करदऱ्याच्या तलावाजवळ ऋषिकेशने चहासाठी आपली गाडी थांबवली. प्रेमिला उतरली नाही. तो दोन कप घेऊन आला आणि खिडकीतून एक तिच्यापुढे धरला.

"पाहा वहिनी, साफ सांगतो. आजूबाजूच्या चार गावांत मी लोकांशी बोलून ठेवलं आहे. खरिपात फवारणी मी करीन. नाव तुमचं, काम माझं. घरातच आहे ना सगळं?"

"गटाचा ड्रोन आहे तो. तुमच्या घरचा नाही."

"मंग गटातल्या बाया जातील का वावरोवावर? बाई रिमोट घेऊन धुऱ्यावर उभी राहीन अन् माणसं पाहत राहतील?"

"पाहू द्या."

"तुमाले नाही जमत ते. आज पाहिलं ना, हात कसा कापत होता?"

"तुमी धरू दिलं कुठी, कापाले?"

त्याने तिचा चहा रस्त्यावर ओतला आणि गाडी सुरू केली.

यमुताईच्या घरी पोचल्यावर तिने विश्वनाथला फोन लावला. तो तरी समजेल असं तिला वाटलं होतं. त्याने सगळं ऐकलं. मग म्हणाला, "जाऊ दे ना. ऋषी करतो म्हणते तर करू दे. तू सर्टिफिकेट घे अन् घरी ये."

"तुमी म्हणता हे? तुमी?"

"वारं पलटलं तर काय होते मले माहीत आहे. तू त्याच्यात नको पडू."

तिने फोन ठेवला. राग ऋषिकेशचा होता, सौरव सरांचा होता, भावनाचा होता. पण विश्वनाथचा आला तो वेगळाच होता. हा राग ओरडून काढता येईना. यमुताईने ताट वाढलं. ती जेवली नाही.

परीक्षेच्या सकाळी बाहेरून परीक्षक आले. पांढऱ्या मिशांचे, गॉगल लावलेले, निवृत्त अधिकारी. त्यांच्यासाठी छत्रीखाली खुर्ची ठेवली होती आणि समोर ताक. एकेका बाईचं नाव पुकारलं जायचं. ती पुढे जाऊन रिमोट गळ्यात अडकवायची आणि रेषेवर उभी राहायची. तिच्या मागे हातभर अंतरावर सौरव सर दुसरा रिमोट घेऊन उभे. शिकवणाऱ्याच्या हातात असा जोडीचा रिमोट असतोच. शिकणाऱ्याचं चुकलं तर त्याने ताबा घ्यायचा, अपघात टाळायचा.

पहिल्या बाईचा ड्रोन सरळ वर गेला, देखणा चौकोन काढला, आठ काढला, गोलाच्या मधोमध उतरला. टाळ्या पडल्या. दुसरीचाही तसाच. भावनाचाही तसाच. भावनाने आठवडाभरात रिमोट कितीदा धरला होता ते प्रेमिलाला ठाऊक होतं. तिने सौरव सरांच्या अंगठ्यांकडे पाहिलं. ते अंगठे थांबतच नव्हते.

परीक्षक कागदावर खुणा करत होते. मधूनच मोबाइल वाजला की मान खाली घालून बोलत होते.

"प्रेमिला विश्वनाथ ठवकर."

ती रेषेवर गेली. पट्टा गळ्यात घातला. काड्यांवर अंगठे टेकवले मात्र, पंख गरगरले आणि ड्रोन वर चढला. तिने काहीच केलं नव्हतं. तिने डावी काडी जराशी दाबून पाहिली. ड्रोनला त्याचा पत्ताही नव्हता. तो आपला शहाण्यासारखा पुढे निघाला आणि चौकोनाच्या पहिल्या कोपऱ्यावर वळला.

प्रेमिलाने दोन्ही हात रिमोटवरून काढले आणि डोक्याच्याही वर नेले.

"साहेब! इकडं पाहा जी! माझे हात पाहा!"

परीक्षकांनी मोबाइल कानावरून काढला. ड्रोन तिसऱ्या कोपऱ्यावर वळत होता. प्रेमिलाचे दोन्ही पंजे उघडे, उन्हात, आभाळाकडे.

"मी नाही उडवून राहिली हे! कोणीच नाही उडवलं सकाळपासून! हे सर उडवून राहिले!"

सौरव सरांनी घाईघाईने ड्रोन खाली घेतला. एकदम सगळे बोलायला लागले. ऋषिकेश धावत आला. "वहिनी, पागल झाल्या काय?"

"मागं व्हा!" ती अशी ओरडली की तो खरंच दोन पावलं मागे सरला. परीक्षक खुर्चीवरून उठले होते. ती त्यांच्याकडे वळली. "त्यांचा रिमोट बंद कराले सांगा. मी उडवीन. जसं येते तसं."

परीक्षकांनी गॉगल काढला. सौरव सरांकडे पाहिलं. मग म्हणाले, "बंद करा."

"सर, सेफ्टीसाठी..."

"सगळ्यांना लांब मागे घ्या आणि बंद करा."

प्रेमिलाने ड्रोन उचलला. या वेळी तो तिच्या अंगठ्याखाली जागा झाला. किती जड आहे तो, हे तिला पहिल्यांदा कळलं. तो वर गेला, डावीकडे कलला. तिने सावरायला काडी दाबली ती जास्त दाबली गेली, आणि तो उजवीकडे धावला. चौकोनाचा एक कोपरा तिने गाठला, दुसरा गाठला. आज खरोखर वारं होतं. कापडी नळी आडवी झाली होती. आठ काढायला घेतला तेव्हा ड्रोनचं तोंड तिच्याकडे झालं आणि डावं-उजवं उलटं झालं. तो आखलेल्या रेषेच्या पार बाहेर गेला. कोणीतरी "गेला, गेला" म्हणून ओरडलं. तिने दात आवळून त्याला परत ओढला आणि गोलाच्या बाहेर, एका पायावर, धाडकन उतरवला. तो कलंडला. एका पंखाचं पातं मोडून उडालं.

तिचे हात कापत होते. ते तिने लपवले नाहीत.

सौरव सर सावरून घेत म्हणाले, "पहिल्यांदा एकटीने उडवलं, तरी बरंच जमलं. सर, पास करायला हरकत नाही. लेखीत पहिल्या आहेत त्या."

परीक्षकांनी पेन उचललं.

"नापास लिहा," प्रेमिला म्हणाली.

"काय?"

"मले नापास लिहा. रेषेच्या बाहेर गेला तो, तुमी पाहिलं. उद्या याच्यात औषध भरलं राहीन. त्या रेषेच्या बाहेर बाया निंदत असतील. पास कसं काय लिहिता तुमी? कोणाच्या जिवावर लिहिता?" तिचा आवाज फाटला. "यांनी मले शिकवलंच नाही. एवढे दिवस झाडाखाली बसवलं. मी नापास नाही होणार तर काय होणार? लिहा ना!"

परीक्षकांनी लिहिलं. मग आधीच्या सगळ्या खुणांवर आडवी रेघ मारली. "आजची परीक्षा रद्द. जोडीच्या रिमोटवर घेतली, असा शेरा मी वर पाठवतो."

बायांना ते कळायला क्षणभर लागलं. आणि मग त्या सौरव सरांवर नाही, प्रेमिलावर तुटून पडल्या.

"तुले नापास व्हायचं होतं तर तू हो ना! आमचं काहून घालवलं?" भावनाच्या डोळ्यांत पाणी होतं. "तू कोण वं आमचा निकाल लावणारी? माहा नवरा आता परत पाठवीन काय मले?"

"मी खोटं बोलली काय?" एवढंच प्रेमिला म्हणाली, आणि तेही तिला कमी वाटलं.

गावातही तेच झालं. ऋषिकेश आधीच पोचला होता; वहिनीने ड्रोन मोडला आणि गटाचा हक्क घालवला, हे घरोघर झालं होतं. गटाच्या बैठकीत दोघीतिघींनी तिच्याकडे पाठ फिरवली. रुखमाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यायनं परत शिकवलं तर परत जाशील?"

"जाईन. एकटी जाईन. भाऊजी नको सोबत."

"मंग सहायक कोण?"

बाहेर ओट्यावर बसलेला विश्वनाथ दारात आला. बायांच्या बैठकीत तो कधी येत नसे. "टाकी मी भरून देईन," तो म्हणाला. "हातमोजे घालून. थरथरला हात तरी टाकी भरते." मग ऋषिकेशचं नाव घेऊन म्हणाला, "अन् त्याले सांगतो, ज्या लोकायले शब्द देऊन बसला, त्या सगळ्यायले हिचा नंबर दे."

प्रेमिलाने त्याच्याकडे पाहिलं. तिचा राग गेला नव्हता. पण त्या संध्याकाळी ती त्याच्याशी बोलली.

ऋषिकेश मात्र तिच्याशी बोलायचा थांबला, तो आजतागायत. लोकांना नंबर त्याने दिला. तोंडाने नाही, मोबाइलवरून.

शेरा वर गेला, चौकशी झाली, आणि संस्थेला सगळ्या बायांना पुन्हा शिकवावं लागलं. या खेपेला दोरी बांधली होती आणि माणसं दोरीच्या बाहेर होती. सौरव सर घुश्शात असायचे. चुकलं की "आता उडवा ना, तुम्हालाच उडवायचं होतं" म्हणायचे. प्रेमिला पुन्हा उडवायची. उन्हात बॅटऱ्या तापायच्या, त्या निवेपर्यंत कडुनिंबाखाली बोटाने मातीत आठ काढत बसायची, ड्रोनचं तोंड आपल्याकडे असताना कोणती काडी कुठे न्यायची ते घोकत. सगळ्या बाया परत आल्या नाहीत. काटोलची आली नाही. भावना आली, दोन दिवस उशिराने आणि एकटी. प्रेमिलापासून दूर बसायची, डबाही वेगळा खायची.

परीक्षेला तेच परीक्षक आले. प्रेमिला पास झाली. उतरवताना ड्रोन गोलाच्या कडेवर उतरला, पण उतरला. तिला वाटलं होतं आनंद होईल. झाला तो थकवा. तिने रिमोट खाली ठेवला आणि भावनाची पाळी पाहायला दोरीशी जाऊन उभी राहिली.

भावनाने ड्रोन असा अलगद फिरवला की परीक्षकही खुर्चीतून पुढे वाकले. आठ पुरा झाला तेव्हा तिने एकदाच ओठ चावला. ड्रोन गोलाच्या बरोबर मधे टेकला.

गाडीत दोघी शेजारी बसल्या, कारण तेवढीच जागा होती. दोघींनाही पुढे बसने आपापल्या गावी जायचं होतं. ऑफिस येईपर्यंत भावना खिडकीबाहेर पाहत होती. उतरताना म्हणाली, "राग आहे मले अजून तुह्यावर."

"राहू दे," प्रेमिला म्हणाली.

"त्या दिवशी टाळ्या वाजवल्या होत्या सगळ्यायनं माह्यासाठी. खोट्या होत्या त्या. तुह्यामुळे समजलं मले, अन् चारचौघांत समजलं." तिने पिशवी खांद्याला लावली. "एकटीले सांगितलं असतं आधी."

"सांगितलं होतं. तू म्हणाली, चुपचाप घे."

बसस्टँडकडे जाणारा ऑटो आला. भावनाने हात केला, आत बसली आणि पिशवी मांडीवर घेऊन बाजूची जागा मोकळी केली.

"बस ना मंग. मलेही तिकडंच जायचं आहे."